‘कारा’ची (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची) एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मिळूनही दत्तकाचा आदेश निघत नाही. अमेरिकेत बसून आम्ही काय करावं?

तुमची लेक तीन वर्षांची, महाराष्ट्रातल्या दत्तक संस्थेत. एनओसी हातात, आणि आदेश अडकलेला. माझं पहिलं सांगणं: दोघांपैकी एकाला जमत असेल तर इकडे निघून या. एनओसीनंतर, आदेश व्हायच्या आधीच, हमीपत्र देऊन मुलीला दत्तकपूर्व संगोपनासाठी आपल्याजवळ ठेवता येतं. अट एवढीच की ती भारतातच राहिली पाहिजे. आम्हीही लेक दत्तक घेतली, तेव्हा आमच्या संस्थेने हे आपणहून सांगितलं नाही, वकीलबाईंकडून कळलं. मी बिनपगारी रजा घेऊन नाशिकला आईकडे राहिले. सुरुवातीला लेक माझ्याकडे यायचीच नाही, आजीचा पदर सोडायची नाही. हळूहळू माझ्या हातून वरणभात खायला लागली. ही ओळख मराठीत, मराठी घरात झाली याचं मला आजही फार समाधान आहे.

आमचं प्रकरण कायदा बदलताना अडकलं. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि प्रलंबित प्रकरणंही तिकडे पाठवायची ठरली. कोर्टात विचारलं की ‘फाईल पाठवायची आहे’, कलेक्टर कचेरीत विचारलं की ‘आमच्याकडे आलेली नाही’. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे हस्तांतर थांबवलं, तेव्हा कुठे आम्हाला तारीख मिळाली. दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण त्या भरवशावर तिकिटं काढू नका. ‘कधी होईल?’ असं विचारून हाती काही लागत नाही. फाईल आज कोणाकडे आहे आणि कोणता कागद कमी आहे, हे संस्थेला दर आठवड्याला ईमेलवर विचारा.

तिकडचे कागदही सांभाळा. आय-८००ए, म्हणजे परदेशातून मूल दत्तक घेण्यासाठी अमेरिकन इमिग्रेशनकडे केलेला अर्ज, त्याची मंजुरी १५ महिन्यांची असते. ती संपत आली असेल तर मुदतवाढीचा अर्ज आत्ताच करा. आदेशानंतरही ‘कारा’चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांनुसार झाल्याचा दाखला), जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा बाकी असतो, म्हणून सगळी रजा आधी संपवू नका.

कुणी ‘ओळखीने काम करून देतो’ म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. मुलं परदेशी पाठवण्यातले गैरप्रकार थांबावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले, आजची तपासणी त्यातूनच आली. ती तुमच्या मुलीसाठीच आहे. टेबलावर पडून राहिलेली फाईल मात्र कुणाचंच रक्षण करत नाही, त्यामुळे पाठपुरावा करताना संकोच बाळगू नका.

येणं शक्यच नसेल तर संस्थेकडे ठरलेल्या वारी व्हिडिओ कॉल मागा आणि घरातल्या माणसांच्या फोटोंचा अल्बम पाठवा. घ्यायला येण्याची तारीख मात्र मुलीला सांगू नका. तारखा पुढे जातात, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं लहान मुलांना वाटतं. संस्थेचा जिल्हा आणि एनओसीची तारीख कळवलीत तर पुढे कोणता कागद लागेल ते मी सांगू शकेन.