विश्वासाची मोजणी : 'हो' लिहिणारे आणि पाळी मोडणारे

प्रश्न : आमच्या पाणीपुरवठा संस्थेचे १४० सभासद आहेत. नवी पाइपलाइन टाकायची आहे. वर्गणी काढण्याआधी लोकांचा एकमेकांवर भरवसा किती ते बघावं म्हणून 'आपल्या सभासदांवर विश्वास ठेवता येतो का?' असा कागद छापून वाटला. जवळजवळ सगळ्यांनी 'हो' लिहिलं. तरी उन्हाळ्यात पाण्याची ठरलेली पाळी मोडली जातेच. आमचं कुठे चुकलं?
— एक संचालक, करवीर तालुका

उत्तर : संचालकांनी वाटलेल्या आणि संचालकांकडेच परत द्यायच्या कागदावर गावातला माणूस 'नाही' लिहील कशाला? पण कागद गुप्त ठेवला असता तरी एवढ्या मोघम प्रश्नातून फारसं हाती लागलं नसतं. 'बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना जपूनच राहावं लागतं?' हा प्रश्न जागतिक मूल्य सर्वेक्षण (देशोदेशीच्या लोकांची मतं विचारणारी पाहणी) १९८१पासून विचारत आलं आहे. ग्लेझर आणि सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या पैशांच्या खेळात कोण दुसऱ्याच्या हाती किती पैसे सोपवेल, हे या उत्तरावरून नीट कळेना. कोण प्रामाणिकपणे परत करेल, ते मात्र बरंच कळलं. सोपवण्याचा अंदाज आला तो आधीच्या वागण्यावरून : उसने पैसे देता का, दार उघडं टाकून जाता का.

म्हणून मत विचारू नका, कृती विचारा, आणि तीही मुदत घालून. 'गेल्या १२ महिन्यांत रात्रीच्या पाळीला शेजाऱ्याच्या भरवशावर पाणी सोडून घरी आलात का?' 'शेजाऱ्याला औषधाचा पंप किंवा इंजिन उसनं दिलंत का?' असे चार-पाच प्रश्न पुरेत. त्यानंतर एक अंदाजाचा प्रश्न : 'तुमच्या मते १० सभासदांपैकी किती जण पाळी संपली की व्हॉल्व वेळेत बंद करतात?' तुमच्या कामाला सगळ्यांत उपयोगी आकडा हाच.

त्याचं कारण असं. फिशबाखर, गेश्टर आणि फेर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली झुरिकच्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग मांडला. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० नाणी. सामायिक पेटीत टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळणार. म्हणजे सगळ्यांनी टाकलं तर सगळ्यांचा फायदा, पण एकट्याने न टाकण्यात त्याचा फायदा. सुमारे निम्मे जण 'इतर देतील त्या मानाने मी देईन' अशा वृत्तीचे निघाले आणि सुमारे ३० टक्के काहीच न देणारे. हे निम्मे लोकच संस्था तारतात किंवा बुडवतात. 'बाकीचे बुडवतात' असं त्यांना वाटलं की तेही हात आखडतात, मग प्रत्यक्षात बुडवणारे चारच का असेनात. तुमच्या पाहणीत 'दहापैकी चारच बंद करतात' असा अंदाज आला आणि पाटकऱ्याच्या (पाळीप्रमाणे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या) वहीत दहापैकी आठ दिसले, तर विश्वास वाढवण्यावर भाषण नको. ती वही फलकावर लावा.

पाळी कोण मोडतं हे थेट विचारलं तर खोटं उत्तर येणार. तिथे नाणं वापरा. प्रत्येकाने आडोशाला नाणं उडवायचं. छाप पडला तर डोळे मिटून 'हो' लिहायचं, काटा पडला तर खरं लिहायचं. १४० चिठ्ठ्यांत ९० 'हो' निघाले, तर त्यातले अंदाजे ७० नाण्याचे. उरलेल्या ७० जणांत २० 'हो', म्हणजे साधारण २९ टक्के. हा आकडा १५-१६ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, तेव्हा त्यावरून दंड ठरवायला बसू नका.

आणखी दोन पथ्यं. चिठ्ठ्या गोळा करायला संचालक किंवा पाटकरी नको, परगावचा माणूस आणि कुलूपबंद पेटी हवी. आणि जॅकवेलजवळच्या (जिथून पाणी उपसतात त्या विहिरीजवळच्या) व शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांचे आकडे वेगळे मांडा. सरासरीत टोकाचं रान बुडून जातं, आणि वर्गणीला पहिला नकार बहुधा तिथूनच येतो.

प्रश्न : आमच्या पेठेत गल्लोगल्ली भिशी चालते. म्हणजे कोल्हापुरात सामाजिक विश्वास जास्त, असं म्हणता येईल?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : तेवढ्यावरून नाही. पहिली भिशी उचलणाऱ्याला पुढचे हप्ते बुडवण्याचा मोह सगळ्यांत जास्त, म्हणून चालवणारा नवख्याचा नंबर शेवटी लावतो आणि जामीन ओळखीचा घेतो. हा ओळखीतला विश्वास झाला. अनोळखी माणसावरचा विश्वास ही वेगळी गोष्ट, म्हणूनच जागतिक सर्वेक्षणात आता कुटुंब, शेजारी, ओळखीचे, पहिल्यांदाच भेटलेले, परधर्मीय आणि परदेशी अशा सहा गटांबद्दल वेगवेगळं विचारतात. पहिल्या तिघांची सरासरी एकीकडे आणि उरलेल्या तिघांची दुसरीकडे काढा. दोन्हींतलं अंतर भिशींच्या संख्येपेक्षा जास्त सांगून जाईल.

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी विश्वासाचा खेळ घ्यायचा आहे. खर्च किती, आणि कशात फसतो?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : मूळ रचना बर्ग, डिकहॉट आणि मॅककेब यांची, १९९५ची. एका खोलीत 'अ', दुसरीत 'ब', आणि दोन्ही खोल्यांतल्या प्रत्येकाला १० डॉलर. 'अ'ने हवे तेवढे पाठवायचे, ते तिप्पट होऊन 'ब'कडे जाणार, 'ब'ने वाटलं तर परत करायचं. ३२ पैकी ३० 'अ'नी काही ना काही पाठवलं, सरासरी ५ डॉलर १६ सेंट.

१०० रुपये धरले तर एका जोडीमागे जास्तीत जास्त ४०० रुपये लागतात. ३० जोड्यांना १२,००० हाताशी ठेवा. खोट्या नोटांवर खेळलात तर सगळेच उदार होतात. सूचनांत 'विश्वास' हा शब्द येऊ देऊ नका, 'रक्कम पाठवणे' एवढंच म्हणा. सुरू करण्याआधी '४० पाठवले तर समोर किती पोहोचतील?' असं विचारा. १२० न सांगणाऱ्याला पुन्हा समजावा.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पाठवलेली सगळी रक्कम विश्वासाच्या खात्यात टाकणं. काही जण नुसतेच दिलदार असतात. त्यासाठी दुसरा गट घ्या, ज्यात 'ब'ला परत करण्याची सोयच नाही. पहिल्या गटात सरासरी ५० आणि दुसऱ्यात ३० गेले, तर परतफेडीच्या भरवशावर गेलेले २० धरा. दोन गट म्हणजे खर्च दुप्पट, हे मार्गदर्शकांना आधीच सांगा.

एकाच वर्गातली मुलं 'अ' आणि 'ब' करू नका. कॅन्टीनमध्ये हिशेब होणार हे माहीत असलं की 'ब' परत करतोच. दोन वेगळ्या महाविद्यालयांतून घ्या, नावांऐवजी क्रमांक द्या आणि पैसे बंद पाकिटात एकेकट्याला द्या.