इतिहासाचा तास आणि इंटरनेट

प्रश्न : मी कोथरूडमधील एका शाळेत आठवीला इतिहास शिकवते. मुले इंटरनेटवर सापडेल ते वहीत उतरवतात. त्यांच्या हाती नेमके काय द्यावे?

उत्तर : आधी मूळ साधन द्यावे, त्यावरचे लेख नंतर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला पुणेविषयक खंड आज इंटरनेटवर मोफत वाचता येतो. त्यातील शनिवारवाड्यावरचा मजकूर निवडून, त्याचा मराठी सारांश आपण करून द्यावा आणि हे वर्णन कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने लिहिले असेल, असे मुलांना विचारावे. तो ग्रंथ इंग्रज सरकारने कारभाराच्या सोयीसाठी तयार करवला होता, हे त्यांना स्वतःहून उमगले, तर अर्धा पाठ तिथेच झाला. वाडा १८२८ च्या आगीत जळाला होता, हेही ध्यानात आणून द्यावे, म्हणजे लेखकासमोर मुख्यतः अवशेषच होते, हे कळेल.

पानशेतच्या पुराची, म्हणजे १२ जुलै १९६१ ची, छायाचित्रे मोबाइलवर फिरत असतात. पण त्यांखालच्या ओळींवर भिस्त ठेवू नये. छायाचित्रातील पूल किंवा पेठ ओळखण्यासाठी घरातील आजी-आजोबांना विचारायला सांगावे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे जुन्या सरकारी कागदपत्रांचे संकेतस्थळ उत्तम आहे. मात्र आठवीच्या मुलांना त्यात मोकळे सोडू नये, आपणच एखादा कागद निवडून द्यावा.