नवी टपाल तिकिटे : कोणती घ्यावीत, कोणती सोडावीत?

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बहुतेक विदर्भातील खेड्यांतून आणि तालुक्याच्या गावांतून आली आहेत. त्यांतील पाच प्रश्न निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयात मी तिकीटसंग्राहकांचे ठेव खाते (आगाऊ पैसे भरून नवी तिकिटे मागवण्याचे खाते) उघडले आहे. नवी तिकिटे घरपोच येतात, पण वर्षभरात इतके अंक (नव्या तिकिटांचे संच) निघतात की सगळे घेणे पगारातून झेपत नाही. निवड कशी करावी? (एक प्राथमिक शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : सगळे घेण्याचा हट्ट आधी सोडावा. ठेव खात्यात काय हवे आणि किती हवे हे आपणच कळवायचे असते. एकेक सुटे तिकीट हवे, चौकडी (चार जोडतिकिटे) हवी, प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेले पाकीट) हवे की लघुपत्रक (एक-दोन तिकिटांचा सजवलेला छोटा कागद), हे नव्याने लिहून द्यावे. सुट्या तिकिटांपुरते खाते मर्यादित केले तरी खर्च निम्म्याहून खाली येतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

पुढची पायरी विवरणिका वाचण्याची आहे. प्रत्येक स्मारक तिकिटाबरोबर (एखाद्या व्यक्तीच्या वा प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेल्या तिकिटाबरोबर) निघणाऱ्या या घडीपत्रकाच्या शेवटी तांत्रिक माहिती असते आणि तिच्यात दर्शनी किंमत, छापलेल्या तिकिटांची संख्या, छपाईची पद्धत व छापखाना दिलेला असतो. मुखपृष्ठावरचे चित्र पाहून भुलणारे पुष्कळ आहेत. हा तळचा मजकूर फारच थोडे लोक वाचतात. माझ्या मते निवडीची पहिली कसोटी तीच. त्यानंतर तिकीट हातात घेऊन पाहावे. चेहरा ओळखू येतो का, अक्षरे भिंगाशिवाय वाचता येतात का, की छायाचित्र जसेच्या तसे आक्रसून एवढ्याशा जागेत कोंबले आहे? अलीकडच्या बऱ्याच अंकांत विषय मोठा आणि चित्र मात्र घाईचे असते. अशी तिकिटे केवळ विषयासाठी ठेवायची असतील तर एकच प्रत पुरे.

लघुपत्रकांबाबत एक साधा नियम पाळावा. त्यातले तिकीट नेहमीच्या तावातही (तिकिटांच्या मोठ्या छापील कागदातही) मिळत असेल, तर लघुपत्रक सोडून द्यावे. ते केवळ लघुपत्रकातच असेल आणि विषय आपल्या संग्रहाचा असेल, तर घ्यावे. सुगंधी व अनोख्या साहित्यावरच्या तिकिटांचेही असेच. २००६ साली निघालेले चंदनाच्या वासाचे तिकीट भारतातले पहिले सुगंधी तिकीट म्हणून संग्रहात असावे. त्यानंतर गुलाब, मोगरा, कॉफी अशी रांग लागली, ती पूर्ण करण्याची गरज नाही. वास तर काही वर्षांत उडूनच जातो. २०११ चे खादीवर छापलेले गांधीजींचे तिकीट मात्र मी वेगळे मानतो, कारण तेथे कापड हाच विषयाचा भाग आहे, आणि वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला तर ते समजावून सांगायला नको.

आपल्या पत्रावरून आपणांस भूमीशी जोडलेला संग्रह करायचा आहे असे दिसते. मग नव्याच्या मागे धावण्यापेक्षा विदर्भाशी नाते असलेल्या व्यक्तींच्या तिकिटांचा एक धागा धरावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पहिले भारतीय तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी पंधरा पैशांचे निघाले. विनोबांचे तिकीट १९८३ साली आले, गाडगेबाबांचे १९९८ साली, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवरही तिकीट आहे. ही सारी तिकिटे आजही किरकोळ पैशांत मिळतात. अशा धाग्यात बसणारा नवा अंक निघाला की डोळे झाकून घ्यावा, बाकीच्यांबाबत हात आखडता घेतला तरी संग्रह उणा होत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे संग्राहक सर्रास दुर्लक्ष करतात. हल्ली नवे स्मारक तिकीट कोरे ठेवणारे हजारो आहेत, पण ते खऱ्या पत्रावर लावून पाठवणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यात १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि तिकिटे लावलेल्या पाकिटांचे प्रमाण आणखी घटले. म्हणून आपल्या निवडीतले नवे तिकीट निघाले की दोन घ्यावीत : एक कोरे, आणि दुसरे एखाद्या नातेवाइकाला खरे पत्र लिहून त्यावर लावावे. पाकीट उपडाकघरात स्वतः नेऊन द्यावे आणि पोस्टमास्तरांना नम्रपणे सांगावे, ‘साहेब, शिक्का तिकिटाच्या कोपऱ्यावर, तारीख वाचता येईल असा मारा.’ घाईत असले तर ते शिक्क्याऐवजी पेनाने फुली मारतात आणि पाकीट वाया जाते, म्हणून काउंटरला गर्दी नसताना, दुपारी जावे. विनोबांच्या तिकिटावर त्यांचा आश्रम असलेल्या पवनारचा सुबक शिक्का असलेले प्रवास केलेले पाकीट आणि तेच तिकीट कोरे, यांतले कोणते घेशील असे मला कोणी विचारले तर मी क्षणभरही विचार करणार नाही.

प्रश्न : दहा-बारा वर्षांपूर्वी मी लघुपत्रके व पूर्ण ताव गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवले. आता विकायला काढले तर व्यापारी दर्शनी किमतीइतकेही द्यायला तयार नाही. तो फसवतो आहे का? (एक शेतकरी, धामणगाव रेल्वे, जि. अमरावती)

उत्तर : बहुधा नाही. ज्या मालाचे साठे सर्वांच्याच कपाटात आहेत, त्याला चढा भाव मिळत नाही. कापसाच्या हंगामात सगळ्यांची गाडी एकाच दिवशी बाजारात उतरली की काय होते ते आपण जाणताच. जुन्या तिकिटांना किंमत आली ती त्या काळी ती कोणी साठवली नाहीत म्हणून. १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असा ठसा मारून गव्हर्नर जनरलांच्या वापरासाठी केवळ शंभर प्रती काढल्या होत्या. त्या प्रसिद्ध आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही फिरतात. आपल्या तावांचा दुर्मिळतेशी संबंध नाही.

तरीही पैसे बुडाले असे समजू नये. ही तिकिटे टपालासाठी चालतात. बियाण्याच्या कंपनीशी, बँकेशी वा नातलगांशी पत्रव्यवहार होत असेल, तर त्यासाठी ती दर्शनी किमतीने वापरली जातील आणि व्यापाऱ्याच्या भावापेक्षा जास्तच वसूल होईल. यापुढे भाव वाढेल म्हणून ताव घेऊ नयेत, एवढे स्पष्टपणे सांगतो.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिकीटसंग्रहासाठी शिष्यवृत्ती मिळते असे ऐकले. खरे आहे का? (एक पालक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : होय. डाक विभागाची दीनदयाळ स्पर्श योजना २०१७ साली सुरू झाली. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ती असून निवड झाल्यास वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. मागच्या वर्षी किमान साठ टक्के गुण हवेत, आणि शाळेत तिकीटसंग्राहक मंडळ असून मुलगी त्याची सभासद हवी. मंडळ नसेल तर तिच्या स्वतःच्या नावावर ठेव खाते असले तरी चालते. खेड्यातल्या शाळांसाठी हाच मार्ग सोपा. आधी प्रश्नमंजूषा होते, मग प्रकल्प मागवतात. प्रकल्पात महागडी तिकिटे चिकटवून काही साधत नाही. एक लहान विषय, दहा-पंधरा तिकिटे आणि प्रत्येकाबद्दल मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या चार ओळी, एवढे पुरते.

प्रश्न : ऑनलाइन दोनशे विदेशी तिकिटांचे पाकीट स्वस्तात मिळाले. सगळ्यांवर शिक्के आहेत, पण मागे डिंक तसाच आहे. ती खरी आहेत का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : कागद खरा, शिक्काही बहुधा टपाल खात्याचाच, पण ती तिकिटे कधी पत्रावर लागली नाहीत. काही देश संग्राहकांना विकण्यासाठीच तावावर, चार तिकिटांच्या कोपऱ्यावर बरोबर बसेल असा शिक्का छापून देत. शारजा, अजमान, फुजैरा या आखाती अमिरातींनी तर साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरीच्या आरंभापर्यंत प्राणी, खेळाडू, अवकाशयाने यांच्या तिकिटांचा पूर आणला होता. लहान भावंडांना देश ओळखण्यासाठी ते पाकीट द्यावे. त्यात भर घालण्यासाठी आणखी पैसे मात्र खर्चू नयेत. एखाद्या देशाचे नवे तिकीट खरे की बनावट, हे पडताळायचे असेल तर जागतिक टपाल संघाने २००२ पासून चालवलेली, प्रत्येक अधिकृत तिकिटाला क्रमांक देऊन नोंदवण्याची पद्धत उपयोगी पडते; मात्र सर्वच देश तीत सहभागी नाहीत, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : उन्हाळ्यात तिकिटे वाकतात, पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात. काय करावे? (एक गृहिणी, चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : आपल्याकडील उन्हाने डिंक आणि कागद वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून तिकीट गुंडाळी होते. त्याला दाबून सरळ करू नये, तडे जातात. हवेत ओलावा आला की ते आपोआप उलगडते. चिकटलेली तिकिटे ओढून सोडवू नयेत. कोरी असतील तर डिंक वाचवण्याचा आग्रह सोडावा आणि थंड पाण्यात भिजवून, वर्तमानपत्रावर नव्हे तर कोऱ्या कागदावर वाळवावीत. वापरलेली तिकिटेही तशीच भिजवता येतात, पण लाल व जांभळी शाई पसरते, तेव्हा ती वेगळी ठेवावीत. आल्बम टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, उभा ठेवावा, आणि डांबराच्या गोळ्या पानांना टेकू देऊ नयेत. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. काही वर्षांत त्या तिकिटाच्या रंगाला चिकटतात. तिकिटाला हात लावण्याऐवजी चिमटा वापरावा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, आश्विनातल्या कोरड्या दिवशी, पाने सावलीत उघडून ठेवावीत.