कितव्या मिनिटाला?

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. येस या ब्रिटिश रॉक बँडचा दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा अल्बम ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ तू चार रात्री ऐकलास, तुला आवडला, आणि मग लोकांची मतं वाचून गांगरून गेलास. निम्मे म्हणतात हे प्रोग्रेसिव्ह रॉकचं, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचं, शिखर, निम्मे म्हणतात इथूनच घसरगुंडी सुरू झाली. आणि एवढं सगळं लिहून तुझा प्रश्न काय, तर ‘मी चुकतोय का?’ खरं सांगतो, डोकं फिरलं माझं. अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे: तिसरी बाजू संपत आली की सगळा गदारोळ निवतो, एकटी गिटार उरते, आणि तेव्हा तू हातातलं काम खाली ठेवलंस. बाकी सगळा इतरांच्या मतांचा जमाखर्च.

मतं खुशाल ऐक. फक्त प्रत्येकाला एकच विचार: कितव्या मिनिटाला? कंटाळा आला ना, कितव्या मिनिटाला आला? अंगावर काटा आला, कितव्या मिनिटाला? मिनिट सांगता येत नसेल तर ते मत उसनं आहे. प्रशंसा असो की शिवी.

या अल्बमवर उसनी मतं किती चढली आहेत बघ. बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन याला हे संगीत पटलं नव्हतं. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना त्यानं कीबोर्डजवळ बसून करी खाल्ली, हा किस्सा सगळ्यांना पाठ. स्टुडिओत गवताच्या पेंढ्या आणि गाईचं कटआउट आणून ठेवलं होतं, तेही पाठ. आता विचार, ‘रिच्युअल’मध्ये, म्हणजे चौथ्या बाजूत, गाणं थांबून नुसता तालवाद्यांचा धुमाकूळ कुठे सुरू होतो? गप्प. करीची चव माहीत, संगीताची नाही!

गंमत अशी की बँडचा गायक जॉन अँडरसन याला ही कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून. १९७३ साली, जपानच्या दौऱ्यावर असताना. श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. चार शास्त्रं, म्हणून चार बाजू. त्याला ती शास्त्रं किती कळली होती हा वाद मी घालत नाही. पण श्रुती म्हणजे ऐकलेलं, एवढं तर तुला-मला कळतं. या अल्बमबद्दल बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे नुसती स्मृती आहे, आणि तीही दुसऱ्याची.

मी हे इतकं तावातावानं का लिहितोय ते सांगायला हवं. बाविसाव्या वर्षी मी या अल्बमवर एक लेख लिहिला होता. ‘ऐंशी मिनिटांचा फुगा’ असं त्याचं नाव. लोक हसले, पाठ थोपटली. तबकड्या एका मित्राच्या होत्या. परत न्यायला तो आला, तेव्हा त्यानं दुसऱ्या तबकडीच्या आतल्या पाकिटात बोटं घातली आणि चौपदरी घडी केलेली एक चिठ्ठी बाहेर काढली. देताना त्यानंच ती आत ठेवली होती. घडी जशीच्या तशी. मी ती तबकडी बाहेरच काढली नव्हती. चिठ्ठीत एवढंच होतं: ‘तिसरी बाजू. बारा मिनिटं थांब.’ त्यानं ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली, तबकड्या काखेत मारल्या आणि निघाला. भांडला असता तर बरं झालं असतं. पुढे भेटलो, बोललो, पण ‘हे ऐकलंस का?’ असं त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही.

तसं बचावासाठी माझंही थोडं म्हणणं आहे. पंक, म्हणजे छोट्या, आडदांड गाण्यांचं रॉक, येऊन गेलं होतं, लांबलचक गाण्यांची टर उडवणं हेच शहाणपणाचं लक्षण मानलं जायचं. शिवाय पहिली तबकडी मी ऐकली होती, अगदीच हवेत लिहिलं नव्हतं. आणि वाक्यं चांगली होती रे, आजही त्यांतली दोन मला सोडवत नाहीत. असो. अर्धं ऐकून पूर्ण लिहिलं, हे खरं.

म्हणून टीका करूच नकोस असं समजू नकोस. भक्तमंडळींचाही मला तितकाच वैताग येतो. ‘तुम्हाला कळलंच नाही’ म्हणून तोंड बंद करणाऱ्यांनाही विचार, कितव्या मिनिटाचं कळलं नाही? वेकमनचंच घे. त्याची तक्रार नेमकी होती: मालमसाला एका एलपीत, म्हणजे एका तबकडीत, मावणार नाही एवढा होता, पण दोन भरतील एवढा नव्हता, म्हणून ताणला. हा माणूस ते संगीत रोज वाजवत होता. १९७४ मध्ये त्यानं बँड सोडला आणि १९७७ च्या अल्बमसाठी परतही आला. त्याच्या तक्रारीला वजन आहे, कारण ती आतून आली आहे. पण ती त्याची आहे, तुझी नाही. तुला हे संगीत कुठे ताणलेलं वाटतं ते तू शोध.

हेही लक्षात घे की एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस मिनिटं बसतात. आधीच्या अल्बमचं, ‘क्लोज टू द एज’चं, मुख्य गाणं एका बाजूवर उभं राहिलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तशा चार बाजू केल्या. त्या काळी प्रत्येक बाजूनंतर उठावं लागे, तबकडी उलटावी लागे, कान विसावत. तू एका रात्री एक बाजू ऐकलीस, हे नकळत अगदी बरोबर केलंस. ऐंशी मिनिटं सलग कानात ओतून ‘लांबलाय’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. २००३ च्या आवृत्तीत पहिल्या बाजूच्या आधी दोनेक मिनिटांची आणखी एक सुरुवात जोडली आहे. तू कुठली ऐकलीस ते कळव, नाहीतर आपले आकडे जुळायचे नाहीत.

आता पुन्हा चार रात्री बस. कागद, पेन्सिल, घड्याळ. विशेषणं नकोत, आकडे लिही. फोन दुसऱ्या खोलीत.

दुसऱ्या बाजूत मात्र मधे कुठेतरी मी अजूनही हरवतो. इतकी वर्षं हेच म्हणत आलोय, ‘मधे कुठेतरी’. लिहिताना आत्ता माझ्याच लक्षात आलं. आज रात्री ती लावतो. माझे आकडे पुढच्या पत्रात. तोवर तुझे मला पाठवू नकोस.

तुझा,
काका