रक्तात काही नाही, गाठीत एसपीओपी: खोटा रिपोर्ट कोणता?

यवतमाळकडच्या भाऊंचा प्रश्न ओळखीचा आहे. वडिलांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या गाठीच्या तुकड्यात एसपीओपी या जनुकात एफ१३३ या जागी बदल निघाला, रक्ताच्या जनुक तपासणीत मात्र काहीच नाही. खोटा कोण?

कोणीच नाही. एसपीओपीचा हा बदल गाठीतल्या पेशींतच घडतो, जन्मजात नसतो. रक्ताच्या त्या तपासणीत पांढऱ्या पेशी बघतात, तिथं तो दिसणारच नाही. मुलांना हा बदल जाईल ही भीती काढून टाका.

या जनुकापासून बनणारं एसपीओपी प्रथिन म्हणजे बाजार समितीतल्या हमालाचा पोत्यात रुतवायचा आकडा. तो नको असलेल्या प्रथिनात रुततो, सीयूएल३ या जोडीदार प्रथिनासोबतचं यंत्र त्यावर युबिक्विटिनची, म्हणजे ‘हे मोडा’ अशी खूण लावतं आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं दुसरं यंत्र त्याचे तुकडे करतं. एफ१३३, वाय८७, डब्ल्यू१३१ या जागा आकड्याच्या टोकावरच्या. टोक बोथट झालं की अँड्रोजन रिसेप्टर, बीआरडी४, ट्रिम२४ ही गाठ वाढवणारी प्रथिनं मोडलीच जात नाहीत, पेशीत साचतात आणि गाठ वाढत राहते. जनुकाची दुसरी प्रत चांगली असते, पण एसपीओपी जोडीनं काम करतं, म्हणून बिघडलेला चांगल्यालाही अडवतो. तुकडे करणारं प्रोटिअसोम मात्र शाबूत आहे. तेव्हा कोणी बोर्टेझोमिब हे प्रोटिअसोम बंद करणारं औषध सुचवलं तर ‘ते बंद करून काय मिळणार?’ एवढं विचाराच.

खरी वाट लागते ती काउंटरवर. एका प्रयोगशाळेनं, नाव घेत नाही, आम्हाला ‘कॅन्सर जीन टेस्ट’ म्हणून जन्मजात दोषांची तपासणी गळ्यात मारली. पैसे भरताना गाठीच्या तपासणीबद्दल चकार शब्द नाही! म्हणून पावतीवर ‘गाठीची’ की ‘जन्मजात’, हे लिहून घ्या, आणि यादीत एसपीओपी आहे का तेही बघा.

गाठीच्या तपासणीला मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा, लागतो. बायोप्सीचा नंबर टाकून पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं तर ‘उद्या या’. जास्त गाठ असलेला तुकडा मागा; गाठीच्या पेशी २० टक्क्यांच्या खाली असल्या तर बऱ्याच तपासण्या फसतात. हाडाचा तुकडा असेल तर तो तीव्र आम्लात मऊ केलाय की ईडीटीए या सौम्य रसायनात, ते विचारा. आम्लानं डीएनए नासतो. आणि मे महिन्यात ब्लॉक उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, मऊ त्याआधीच पडतं.

उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मी नाही. एसपीओपी बदललेल्या गाठी ॲबिराटेरोनसारख्या हार्मोन उपचाराला बऱ्यापैकी दबतात असं निरीक्षणांत दिसलंय. खात्री म्हणून धरू नका. ओलापॅरिब हे औषध ज्या जनुकांतल्या दोषांवर देतात त्या यादीत एसपीओपी नाही, बीआरसीए२ हे जनुक आहे. म्हणून तो रक्ताचा रिपोर्टही फेकू नका. त्यात बीआरसीए२ खरंच तपासलंय का ते बघा. तसा दोष निघाला असता तर तो मुलामुलींपर्यंत जाऊ शकला असता.