नागपूरच्या उन्हात परसातली कोंबडी चोच उघडून धापा टाकतेय, काय करू?

आधी तिला टिनाच्या खुराड्यातून काढून सावलीत आणा. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा टिनाखाली भट्टीच असते. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. पाय आणि पंखांखालचा भाग माठाच्या पाण्याने भिजवा. बर्फाचं पाणी नको. कूलर चालेल, पण खिडकी उघडी ठेवा, दमट हवेत धापांचा उपयोग होत नाही. ओआरएसचं पाणी चोचीच्या टोकाला थेंबथेंब लावा. घशात ओतलं तर श्वासनलिकेत जातं (घरचे हमखास हेच करतात). दाणा सकाळी लवकर आणि दिवस मावळताना.

विष्ठा हिरवी, मान वाकडी असेल तर मात्र राणीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) असू शकतो. तिला लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.