सीटी झालाय, मग आता एमआरआय कशाला?

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. महिनाभरापूर्वी लघवी हळदीसारखी पिवळी व्हायला लागली, अंगाला खाज सुटली, पण पोटात जरासुद्धा दुखत नव्हतं. पंधरा दिवस काविळीचा काढा घेण्यात गेले. मग सोनोग्राफी आणि सीटी झाला. स्वादुपिंडाच्या डोक्यात अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली आणि लिव्हरमध्ये ६ मिलिमीटरचा ठिपका. तो इतका लहान आहे की नक्की काय ते सांगता येत नाही, असं रिपोर्टात लिहिलंय. रक्तातलं काविळीचं माप, बिलिरुबिन, ९ आहे. एक सर्जन म्हणतात, ऑपरेशनच्या आधी एमआरआय करा. दुसरीकडे सांगितलं, आधी पित्ताची वाट मोकळी करायला पित्तनलिकेत नळी, म्हणजे स्टेंट घाला, बाकीचं नंतर बघू. नणंदेचे यजमान म्हणतात, हे सगळं कमिशनसाठी चाललंय. आम्ही कुणाचं ऐकायचं?
– एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर : सूनबाई, कमिशनच्या गोष्टी मीही पुष्कळ पाहिल्यात, तेव्हा तुमच्या नणंदेच्या यजमानांवर रागावणार नाही. पण या वेळी त्यांचा नेम चुकलाय. तीस वर्षं या इंदुरात सीटी-एमआरआयची चित्रं वाचतेय, आणि तुमच्या पत्रातला तो ६ मिलिमीटरचा ठिपका वाचला तेव्हाच मनात आलं, इथे एमआरआय हवाच.

दोन्ही मशिनींची कामं वेगळी आहेत. सीटी सांगतो तो गाठीचा आणि रक्तवाहिन्यांचा शेजार. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर साधारण ४०-४५ सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या आसपास पुन्हा चित्रं काढतात. पहिल्या फेरीत धमन्या आणि स्वादुपिंड उजळतं, दुसऱ्या फेरीत शिरा आणि लिव्हर. स्वादुपिंडाच्या डोक्याला लागूनच आतड्यांची मोठी शीर आणि मोठी धमनी जाते. सर्जनला विचारायचं असतं ते एवढंच, की गाठ त्यांना चिकटली आहे का, आणि किती. वाहिनी आडवी कापली तर बांगडीसारखी गोल दिसते. शिरेच्या त्या गोलाला गाठ अर्ध्याहून कमी टेकलेली असेल आणि शिरेचा आकार बिघडलेला नसेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशनची वाट मोकळी असते. धमनीच्या बाबतीत मात्र नुसतं टेकणंसुद्धा गंभीर. अर्ध्याहून जास्त वेढा पडला असेल तर आधी केमो, सुरी नंतर, तीही जमली तर. हे सगळं चांगल्या सीटीत स्वच्छ दिसतं, आणि तो तुमच्याकडे आहे.

सीटी अडतो तो लिव्हरच्या बारीक ठिपक्यांपाशी. ६ मिलिमीटर म्हणजे भिजलेल्या साबुदाण्याचा एक दाणा. सीटीत तो नुसता काळपट ठिपका दिसतो. साधी पाण्याची पुळी असेल किंवा कॅन्सरचं बी, या आकाराला दोन्ही जवळपास सारखेच. एमआरआयमध्ये पाण्याची पुळी दिव्यासारखी लख्ख पांढरी दिसते. पेशींची दाटी असलेला ठिपका डिफ्यूजन नावाच्या चित्रांत वेगळा चमकतो, कॉन्ट्रास्टही निराळ्या तऱ्हेने घेतो. सीटीत न दिसलेले दाणेही कधी कधी इथे सापडतात. काही वेळा तर स्वादुपिंडातली गाठच सीटीत आजूबाजूच्या भागात मिसळून गेलेली असते आणि एमआरआयमध्ये उठून दिसते.

एवढी खटपट का, तर व्हिपल हे फार मोठं ऑपरेशन आहे. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, सगळं काढून नवे जोड द्यायचे. लिव्हरमध्ये खरंच बी पडलेलं असेल, तर एवढं सोसून ७१ वर्षांच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. तेव्हा त्या ठिपक्याचा तुकडा काढून तपासतात आणि उपचार केमोकडे वळतो. उलट ती साधी पुळी निघाली, तर सर्जन निश्चिंत मनाने तारीख देतील. एमआरआय स्वच्छ आला तरी पोटाच्या अस्तरावरचे बारीक कण दोन्ही मशिनींतून निसटू शकतात. म्हणून काही सर्जन आधी पोटात दुर्बीण घालून बघतात. तसं सांगितलं तर बिचकू नका.

आता स्टेंट. इथे मी जरा हट्टी आहे. माझ्या काकांना, गाव सांगत नाही, काविळीच्या धास्तीने आधी स्टेंट घातला आणि स्वादुपिंडाला सूज आली. मग काढलेल्या चित्रांत गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते, हे मला स्वतःलाही सांगता येईना. तीन आठवडे थांबावं लागलं. म्हणून आधी एमआरआय, मग स्टेंटचा विचार. बिलिरुबिन ९ असताना ऑपरेशन लवकर होणार असेल, तर बरेच सर्जन स्टेंटशिवायच जातात, कारण त्याने गुंतागुंत वाढते. थंडी वाजून ताप आला किंवा आधी केमो द्यायचं ठरलं, तर मात्र स्टेंट लागतो, आणि ताप असेल तर थांबायचं नाही. रक्ततपासणीत सीए १९-९ हा कॅन्सरचा निर्देशक वाढलेला दिसला तरी घाबरू नका. नुसत्या काविळीनेही तो वर जातो.

चित्रं ऑपरेशनच्या आधीच्या चार आठवड्यांतली हवीत. काढ्यात पंधरा दिवस गेलेत, आता रेंगाळू नका.

जाताना सीटीच्या नुसत्या फिल्म नेऊ नका, सीडी न्या. एमआरआय वाचणाऱ्याला तो ठिपका नेमका कुठे शोधायचा हे आधी कळायला हवं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा. चार-सहा तास उपाशी जायचं, म्हणजे सकाळचे पोहे-जिलबी बंद. पित्तनलिकेची चित्रं नीट यावीत म्हणून काही ठिकाणी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे पोटातलं पाणी चित्रात काळं पडतं आणि नळ्या उठून दिसतात. हा प्रसाद नाही, औषध आहे, मुकाट्याने प्या म्हणावं.

सगळ्यात मोठी अडचण श्वासाची. आतून आवाज येतो, 'साँस छोड़ो... रोको.' आमचे मराठी आजोबा म्हणतात 'हो हो, रोखला', आणि बोलण्यातच श्वास घेतात. चित्र हललं, परत करा! घरी घड्याळ लावून सराव करून घ्या. श्वास सोडून १५-२० सेकंद थांबायचं, आठ-दहा वेळा. आतल्या अर्ध्या-पाऊण तासाची निम्मी भीती त्यानेच जाते.

पेसमेकर, हृदयातला स्टेंट, जुन्या ऑपरेशनची धातूची पट्टी, काहीही असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. आणि सासऱ्यांना जानव्याला कपाटाची किल्ली बांधायची सवय असेल, तर ती घरूनच काढून ठेवा. गेल्या महिन्यात एकांची अशी किल्ली मशिनीच्या दारात सापडली.